सुपारी

मी सात-आठ वर्षांची असेन. आमच्या चाळीच्या गॅलरीत बाप्ये कुजबुजत बसले होते आणि कुणीतरी म्हणालं, "त्याची सुपारी दिलीय." मी धावत आत जाऊन आईला सांगितलं की खालच्या मजल्यावरच्या दादाचं लग्न ठरलं, आता पेढे कधी? त्याच आठवड्यात आतेबहिणीची सुपारी फुटली होती आणि मला सुपारीचा तेवढाच अर्थ ठाऊक होता. आईने माझं तोंड दाबलं. कणीक मळत होती, तसाच हात. ओठांना चिकटलेली ती ओली कणीक मी नंतर किती वेळ चाटत बसले होते. तो दादा त्या रात्रीच गावी गेला आणि पुन्हा मुंबईत आला नाही. म्हणजे वाचला.

हे सगळं वर आलं त्याला कारण माझं सध्याचं वाचन. गेली दोन वर्षं मी ज्या कादंबऱ्या वाचतेय त्यांत या दोन्ही सुपाऱ्या एकच असतात. कुणाला तरी मारायचंय किंवा कुणाचं तरी मरण टाळायचंय, म्हणून लग्न ठरतं. डार्क माफिया रोमान्स म्हणतात याला. माझ्या भाचीने हे खूळ माझ्या डोक्यात घातलं. वय वर्षं वीस, दिवसभर फोनवर पुस्तकांचे छोटे व्हिडिओ बघते, बुकटॉक म्हणतात त्याला. दिवाळीत आली होती, माझा फोन घेतला आणि म्हणाली, "मावशी, तुला एक टाकून देते. पण बाबांना सांगू नकोस."

"का गं? काय आहे त्यात?"

"काही नाही गं. अरेंज्ड मॅरेज आहे."

मी म्हटलं, अरेंज्ड मॅरेज मी करून बसलेय, त्यात लपवण्यासारखं काय? रात्री दोनला कळलं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण सांगाडा बहुतेकदा एकच असतो. शिकागो किंवा न्यूयॉर्क. एक इटालियन घराणं, एक रशियन, कधी आयरिश. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, आई वारलेली, बापाने कर्ज करून ठेवलेलं नाहीतर कुणाचा तरी विश्वासघात केलेला. त्याची भरपाई म्हणून मुलगी शत्रूच्या घरात द्यायची. नवरा दहा-बारा वर्षांनी मोठा, गळ्यापर्यंत गोंदलेला, काळा शर्ट, आणि तो पहिल्याच भेटीत सांगून टाकतो की मला काळीज वगैरे नाही. पाचव्या प्रकरणात लग्न. एक प्रकरण ती सांगते, एक तो सांगतो. मग कुणीतरी तिच्या केसाला धक्का लावतो आणि हा सगळं शहर पेटवायला निघतो. शेवट गोडच व्हावा लागतो, तो नियमच आहे या प्रकाराचा. शेवटच्या चार पानांत पाळणा हलतो. नायकाला तीन भाऊ असतात आणि प्रत्येकाचं एकेक पुस्तक असतं, म्हणजे आपली महिनाभराची सोय झाली.

सुरुवातीला एक इशाऱ्याचं पान असतं. यात हिंसा आहे, अपहरण आहे, जबरदस्तीचे प्रसंग आहेत, झेपत नसेल तर वाचू नका. सिगारेटच्या पाकिटावर असतो तसाच तो इशारा, आणि चालतोही तसाच. भाची तर आधी तेच पान वाचून ठरवते की पुस्तक घ्यायचं की नाही. यादी लहान असली की नापास.

मी वाचते सकाळच्या लोकलमध्ये, मुलुंड ते सीएसएमटी. फोनचा उजेड अगदी कमी करून. आमच्या डब्यात कुणी स्तोत्र म्हणतं, कुणी मटार सोलतं, आणि मी चौथ्या सीटवर अर्धी लटकलेली, पालेर्मोच्या कुठल्याशा हवेलीत. परवा शेजारच्या बाईने मान वाकडी करून बराच वेळ वाचलं. मी फोन फिरवला तर म्हणाली, "राहू द्या ना, तो परत येतो का एवढं बघते." परत आला. तिला विक्रोळीला उतरायचं होतं, घाटकोपरला उतरली.

अरेंज्ड मॅरेज हा परदेशातल्या बायकांना थरारक प्रकार वाटतो, याचं मला अजून हसू येतं. अनोळखी पुरुषाशी लग्न! एका घरात! आपल्याकडे हा थरार रविवारी सकाळी अकराला असतो आणि बरोबर कांदेपोहे असतात. माझ्या वेळी मुलाने विचारलं होतं, "बायोडेटात वाचनाची आवड लिहिलंय, काय वाचता?" तेव्हा मी मिल्स अँड बून वाचत होते. १९०८ साली निघालेली ती कंपनी १९३० च्या दशकापासून बायकांना हेच विकतेय, फक्त पूर्वी नायक सरदार नाहीतर सर्जन असायचा. फोर्टच्या फुटपाथवरून दहा-दहा रुपयांना आणायचे. मी सांगितलं, ऐतिहासिक कादंबऱ्या. सासूबाई खूश झाल्या.

पण याद्यांची बैठक मात्र अगदी पुस्तकातल्यासारखी झाली होती, हे आता वाचताना लक्षात येतं. सतरंजीवर एका बाजूला आमचे काका-मामा, समोर त्यांचे. फुलस्केप कागद, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू. हॉलचा खर्च निम्मा-निम्मा. मानाच्या साड्या पाच. वऱ्हाडाला बस एक. मंगळसूत्र त्यांचं, अंगठी आमची. जेवणात जिलबी की श्रीखंड यावर वीस मिनिटं. मी आतल्या खोलीत दाराच्या फटीला डोळा लावून होते आणि त्या पूर्ण कागदावर माझं नाव एकदाच होतं, सगळ्यात वर, 'चि. सौ. कां.' लावून. खाली दोन्हीकडच्या कर्त्या पुरुषांच्या सह्या. मग सुपारी फुटली. कादंबरीतली मुलगी नवऱ्याच्या टेबलाच्या खणात करारनामा सापडला म्हणून कोसळते तेव्हा मला वाटतं, अगं बाई, निदान तुझा करार टाइप केलेला तरी होता.

कादंबऱ्यांत मला जे खटकतं ते दुसरंच आहे. मी हिशेबाचं काम करते, बॅलार्ड इस्टेटमधल्या एका लहानशा ऑफिसात. महिन्याच्या सात तारखेला टीडीएस, वीस तारखेला जीएसटी. त्यामुळे मी हवेली बघितली की विचारते, हे पैसे येतात कुठून? नायक 'धंदा' सांभाळतो, 'बंदरावर माल' येतो, बस्स. खरा शिकागोचा डॉन, अल कपोन, बुडाला तो १९३१ साली इन्कम टॅक्स चुकवल्याबद्दल. अकरा वर्षांची शिक्षा. एवढे खून, एवढी दारू, आणि पकडला कशावर तर आमच्या खात्यावर! साठेक पुस्तकं वाचली असतील मी, पण एकाही नायकाला नोटीस आलेली नाही.

आणि पुस्तकात तो हप्ता कुणाकडून घेतो ते कधीच दिसत नाही. मी त्या दुसऱ्या टोकाला वाढले आहे.

आमची चाळ सातरस्त्याजवळ. अरुण गवळीची दगडी चाळ चालत दहा मिनिटं, नवरात्रात तिथल्या देवीला आम्ही नटूनथटून जायचो, रांगेत आईचा हात धरून. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या बाजूच्या कित्येक घरांत तो कधी संपलाच नाही. बाप घरी बसलेला, पोरगा नाक्यावर. नाक्यावरून पुढे कुठे जायचं याचे रस्ते दोन-तीनच होते. १९९७ च्या जानेवारीत पवईला संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या तेव्हा वडील दोन दिवस जेवले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंधेरीला देवळाबाहेर कॅसेट कंपनीच्या मालकाला मारलं. आणि त्या दोघांच्या मधे कधीतरी माझ्या मामाला फोन आला.

मामा म्हणजे कुणी बिल्डर नव्हे. प्रिंटिंग प्रेस होता त्याचा, लग्नपत्रिका छापायचा. कुणाच्या तरी थाटामाटाच्या पत्रिकेची ऑर्डर मिळाली आणि कुणाला तरी वाटलं याच्याकडे पैसा आहे. फोनवरचा माणूस म्हणे अगदी अदबीने बोलला. "शेठ, मुलगी पाचवीत ना?" एवढंच. आकडा दुसऱ्या फोनला सांगितला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी मामाकडे होते, मे महिन्याच्या सुट्टीत. फोन हॉलमध्ये स्टुलावर, त्याच्यावर मामीने विणलेलं क्रोशाचं झाकण, गुलाबी कडा. घंटा वाजली की मामी स्वयंपाकघरातून यायची, गोधडी उचलायची आणि फोनवर टाकायची. मग त्या गोधडीवर स्वतः बसायची. खालून तो वाजत राहायचा, घोगरा, एखादं जनावर पोटात गुरगुरल्यासारखा. आम्ही पोरं पत्ते खेळत असायचो आणि कुणीही वर बघायचं नाही. थांबला की मामी उठून गोधडीची घडी घालायची. रोज. मामाने शेवटी काय दिलं, कुणाला दिलं, ते घरात कुणी कधी बोललं नाही. पुढच्या वर्षी प्रेस विकला. मामेबहीण कॉलेजात जाईपर्यंत तिला कुणीतरी सोडायला आणि आणायला जायचं. आजही तिच्याकडे अनोळखी नंबर आला की ती उचलत नाही, कुरियरवाले शिव्या देतात.

तर अशी मी रात्री अकराला पाय पसरून माफियाच्या प्रेमकथा वाचते. नवरा विचारतो, "तुला लाज वाटत नाही का गं?" त्याच्या विचारण्यात थट्टा असते, पण प्रश्न बरोबर आहे. मी स्वतःला तो विचारून बघितलाय.

मध्यंतरी एक पुस्तक मी अर्ध्यात सोडलं. त्यातली मुलगी नाही म्हणते, सरळ, दोनदा, आणि पुढच्या पानावर लेखिका तिला त्याच गोष्टीसाठी आतुर करून टाकते. सिसिलीची कथा होती, आमच्यात अशीच रीत आहे असं नायक म्हणत होता. मी चिडून शोधायला बसले की खरंच अशी रीत होती का. होती. आणि त्यातून सापडली फ्रँका व्हिओला.

आल्कामो नावाचं सिसिलीतलं गाव. शेतकऱ्याची मुलगी. पंधराव्या वर्षी एका मुलाशी लग्न ठरलं, माफियात नातेवाईक असलेला मुलगा. तो चोरीत पकडला गेला तेव्हा बापाने लग्न मोडलं. मग धमक्या आल्या, द्राक्षांचा मळा उद्ध्वस्त केला, मळ्यातलं घर जाळलं. २६ डिसेंबर १९६५ ला डझनभर हत्यारबंद पोरं घेऊन तो घरात घुसला आणि तिला उचलून नेलं. आठ वर्षांचा भाऊ तिला सोडेना म्हणून त्यालाही नेलं, मग त्याला परत पाठवलं. ती सतरा वर्षांची होती. आठ दिवस कोंडून ठेवलं, बलात्कार केला. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर इटलीच्या कायद्यात ५४४ नंबरचं कलम होतं, की बलात्कार करणाऱ्याने त्या मुलीशी लग्न केलं तर गुन्हा मिटला. मुलीचीही अब्रू वाचली, सगळे सुखी. गाव धरूनच चाललं होतं की आता लग्न लागणार.

ती नाही म्हणाली. बाप तिच्या मागे उभा राहिला. खटला चालला आणि तिला उचलून नेणाऱ्या मुलाला अकरा वर्षांची शिक्षा झाली. पुढे १९६८ साली तिने त्याच गावातल्या, लहानपणापासून ओळखीच्या मुलाशी लग्न केलं. ते कलम मात्र निघालं थेट १९८१ मध्ये.

मी हे सगळं भाचीला पाठवलं. तिने तीन रडके चेहरे पाठवले आणि लिहिलं, "मावशी, पण आपली पुस्तकं वेगळी ना." मला तिला उपदेश करायचा नव्हता. कारण दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये मी नवीन पुस्तक उघडलं, दुसऱ्या लेखिकेचं, जिच्यातला नायक निदान थांबून विचारतो.

विचारतो, हे महत्त्वाचं आहे. त्याहून जास्त म्हणजे तो बघतो. नायिका पहिल्या जेवणात ताटातले ऑलिव्ह कडेला सारते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या हवेलीत ऑलिव्ह येणं बंद होतं, कुणी काही न बोलता. मी सोळा वर्षं पोह्यांतले शेंगदाणे कडेला काढतेय. अगदी त्या पहिल्या कांदेपोह्यांपासून, दोन्हीकडच्या मंडळींसमोर. माझा नवरा वाईट माणूस नाही. रिक्षा मिळाली नाही तर स्टेशनपर्यंत स्कूटरवर सोडतो, माझ्या आईचं सगळं केलं त्याने. पण शेंगदाणे घालतोच.

खऱ्या भाईची खरी बायको मी बघितली आहे. आमच्या मजल्यावरची, तिला सगळे ताईच म्हणायचे. ९४ साली लग्न होऊन आली, मुलगा गोदीत कामाला आहे असं सांगून दिलं होतं. दोन वर्षांत कळलं कुठल्या गोदीत. तो आत गेला, आर्थर रोडला, चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि ताईची नोकरी सुरू झाली. डब्याची परवानगी, मुलाखतीची रांग, वकिलाचे पैसे, तारीख. तारखेच्या आदल्या रात्री ती आमच्याकडे इस्त्री मागायला यायची. चाळीत कुणी विचारायचंच नाही, ताईच्या हातात इस्त्री दिसली की उद्या तारीख. जमिनीवर चादरीची घडी घालून एकच पांढरा शर्ट पंधरा मिनिटं इस्त्री करत बसायची. कॉलर, मग कफ, मग परत कॉलर. कोर्टात तो व्यवस्थित दिसला पाहिजे. सकाळी तो शर्ट पोचता करून काळ्या घोड्याला जायची, दिवसभर बाकड्यावर बसायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. इस्त्री परत देताना वर दोन केळी ठेवायची. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणतात, तिने ते इस्त्रीलाही लावलं. आठ वर्षं. २००४ ला तो पुराव्याअभावी सुटला. आता खिडकीशी बसून असतो, कुणाशी फारसा बोलत नाही.

पुस्तकातला नायक घरी असतो. सगळं शहर त्याच्या मुठीत, पण नाश्त्याला टेबलावर हजर, रात्री तिच्या खोलीबाहेर जागा. त्याला तारीख नाही, जामीन नाही. तिला कधी रांगेत उभं राहावं लागत नाही. मी पैसे देऊन विकत घेते ते हेच असावं, बंदूक फुकट येते बरोबर.

गेल्या मे महिन्यात लालबागला एका लग्नात ताई भेटली. केस पांढरे झालेत, पण गजरा तसाच, भरगच्च. मी जेवणाच्या पंगतीची वाट बघत फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

"काय वाचतेस गं एवढं?"

काय सांगायचं? तिला तर नाहीच सांगता येत. पण मला खोटं पटकन सुचत नाही, सुचलं तेवढं सोळा वर्षांपूर्वी वापरून झालं. म्हटलं, "गोष्ट आहे ताई. एका मुलीचं लग्न गुंडाशी लावून देतात. आधी ती त्याचा राग राग करते, मग त्यांचं प्रेम बसतं."

ताईने पदर सावरला. मला वाटलं आता उठून जाणार.

"तो आत जातो का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही गं. शेवटी त्यांना जुळं होतं."

ती जरा वेळ समोरच्या रुखवताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मराठीत आहे का?"

मराठीत नाही. म्हणून आता मी तिला सांगते. रोज रात्री भांडी झाली की व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज, एकेक प्रकरण, सात-आठ मिनिटांचं. शिकागोची मी मुंबई केली नाही, तिला शिकागोच आवडतं. नायकाचं नाव तिला जमत नाही, ती त्याला 'आपला' म्हणते. आपल्याने आज काय केलं? नको त्या जागा मी गाळून पुढे जात होते, 'मग सकाळ झाली' करून. परवा तिचा उलटा मेसेज आला, मागे प्रेशर कुकरची शिट्टी.

"मधलं गाळत जाऊ नकोस गं. दोन पोरांची आई आहे मी."